विद्युत् अतिभारक

विद्युत् अतिभारक : अंतर्ज्वलन-एंजिनाच्या सिलिंडरात वातावरणीय दाबापेक्षा अधिक दाबाची हवा भरण्यासाठी वापरण्यात येणारा व विद्युत् चलित्राने फिरविला जाणारा संपीडक. सिलिंडरात अशी दाबाची हवा भरण्याच्या क्रियेला अतिभारण व ती करणाऱ्या साधनाला अतिभारक म्हणतात. व्यवहारात तो सुपरचार्जर या नावानेच परिचित आहे. अतिभारक एंजिनाच्या भुजादंडावरून पट्ट्याने किंवा दंतचक्रांनी फिरविता येतो. तसेच एंजिनातून बाहेर पडणाऱ्या निष्कास वायूंवर चालणाऱ्या टरबाइनानेही तो फिरविता येतो. दुसऱ्या प्रकारास टर्बोअतिभारक अथवा टर्बोचार्जर म्हणतात. विद्युत् अतिभारकात या दोहोंऐवजी घटमालेतील वीज वापरतात. त्यामुळे संपीडकाची गती एंजिनाच्या गतीवर किंवा निष्कासातील ऊर्जेवर अवलंबून राहत नाही, हे त्याचे मुख्य वैशिष्ट्य होय.

तत्त्व : एंजिनाची शक्ती किती इंधन जाळता येते यावर अवलंबून असते आणि इंधन किती जाळता येईल हे सिलिंडरात शिरलेल्या हवेच्या वस्तुमानावर ठरते. १ किग्रॅ. पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सु. १४.७ किग्रॅ. हवा लागते. इंधन द्रवरूप असल्याने ते हवे तितके फवारता येते. अडचण असते ती हवेची. दट्ट्या खाली जाताना शोषण धावेत जी हवा आत येते ती केवळ वातावरणाच्या दाबामुळे येते. गाळणी, नळ्या व झडपा यांतून वाट काढताना तिचा दाब आणखी घटतो. म्हणून साध्या एंजिनात सिलिंडर त्याच्या आकारमानाच्या मानाने पूर्ण भरत नाही. उंचीवर ही अडचण वाढते. लेहसारख्या सु. ३,५०० मी. उंचीवरील ठिकाणी हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या सु. दोन-तृतीयांश असतो आणि त्या प्रमाणात एंजिनाची शक्तीही उतरते. अतिभारकाने हवा आधीच दाबून दिल्यास त्याच आकारमानाच्या सिलिंडरात अधिक हवा, म्हणून अधिक इंधन व अधिक शक्ती मिळते (पहा : अंतर्ज्वलन-एंजिन).

हवा दाबली की ती तापते आणि तापली की तिची घनता कमी होते. म्हणजे दाबून जे मिळविले त्यातील काही भाग उष्णतेने परत जातो. शिवाय पेट्रोल एंजिनात तप्त मिश्रण ठिणगीची वाट न पाहता पेटून एंजिनात ठोके पडू लागतात. म्हणून संपीडक व सिलिंडर यांच्या दरम्यान हवा थंड करणारा अंतःशीतक बहुधा बसवितात.

पूर्वपीठिका : फिलँडर व फ्रान्सिस रूट्स या अमेरिकन बंधूंनी १८६० च्या दशकात तयार केलेला दोन घूर्णकांचा हवा ढकलणारा पंप मुळात भट्ट्यांना वारा घालण्यासाठी होता, तोच पुढे मोटारींच्या अतिभारकांत रूढ झाला. गोटलीप डाइमलर यांनी १८८५ मध्ये सिलिंडरात दाबाची हवा भरण्याच्या कल्पनेचे एकस्व घेतले होते. १९२१ च्या बर्लिन येथील प्रदर्शनात मर्सिडीझच्या अतिभारित मोटारगाड्या विक्रीसाठी मांडण्यात आल्या. स्विस अभियंते आल्फ्रेट ब्यूखी यांनी १९०५ मध्ये निष्कास वायूंवर चालणाऱ्या अतिभारकाचे एकस्व घेतले. मात्र त्यास व्यावहारिक यश येण्यास वीस वर्षे लागली. १९२० च्या दशकाच्या मध्यास दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डीझेल एंजिनांची शक्ती या साधनाने १,७५० अश्वशक्तीवरून २,५०० अश्वशक्तीपर्यंत वाढविण्यात आली. तत्पूर्वी १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस यांनी अमेरिकेतील पाइक्स शिखरावर, सु. ४,२६७ मी. उंचीवर, लिबर्टी या विमान-एंजिनाची चाचणी घेतली होती. समुद्रसपाटीजवळ ३५० अश्वशक्ती देणारे हे एंजिन शिखरावर २३० पर्यंत उतरले आणि टर्बोअतिभारक जोडताच ३५६ वर गेले. अतिभारणाचा उपयोग इतक्या स्पष्टपणे दाखविणारा प्रयोग क्वचितच झाला असेल. प्रवासी मोटारींत टर्बोअतिभारक १९६२ मध्ये अमेरिकेत प्रथम आला आणि १९७० च्या दशकाअखेरीपासून यूरोपात स्थिरावला.

जुन्या प्रकारांतील उणिवा : पट्ट्याने फिरणारा अतिभारक एंजिनाबरोबरच फिरतो, म्हणून तो तत्काळ प्रतिसाद देतो, परंतु तो फिरविण्यास लागणारी शक्ती भुजादंडावरूनच घ्यावी लागते आणि जास्त हवेची गरज नसतानाही तो सोबत ओढला जातो. टर्बोअतिभारक निष्कासात वाया जाणारी ऊर्जा वापरतो, म्हणून कार्यक्षमतेच्या दृष्टीने तो सरस आहे. तो अगदीच फुकट चालतो असा समज मात्र बरोबर नाही, कारण टरबाइनामुळे निष्कासाच्या वाटेत दाब वाढतो व तो दट्ट्याला सोसावा लागतो. त्याची खरी उणीव वेगळीच आहे. एंजिन मंद गतीने चालत असताना निष्कास वायू थोडे असतात, टरबाइन हळू फिरते व दाब निर्माण होत नाही. चालकाने प्रवेगक दाबल्यावर आधी इंधन वाढते, मग निष्कास वाढतो, मग टरबाइन वेग घेते आणि त्यानंतर हवा मिळते. या साखळीस एक-दोन सेकंद किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. या विलंबास टर्बो-विलंब म्हणतात. घाटात मागच्या गाडीला वाट देऊन पुन्हा वेग घेणारा जुना मालट्रक काळा धूर सोडतो त्याचे एक कारण हेच असते : इंधन आले, पण त्यास पुरेल इतकी हवा अद्याप आलेली नसते.

लहान टरबाइन लवकर वेग घेते, पण एंजिनाच्या उच्च गतीला ते अपुरे पडते; मोठ्या टरबाइनाचे याच्या उलट असते. दोन टरबाइने जोडणे, पात्यांचा कोन बदलता येणे असे उपाय योजले गेले. स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीने २०१६ च्या सुमारास एका डीझेल एंजिनात २ लि. टाकीत साठविलेली दाबाची हवा गरजेच्या क्षणी टरबाइनाच्या तोंडाशी सोडून त्याला फिरते करण्याची युक्ती वापरली. विद्युत् अतिभारक हा याच प्रश्नावरील उपाय आहे, हे ध्यानात ठेवल्यास त्याच्याविषयीचे बरेच गैरसमज टळतात.

रचना : विद्युत् अतिभारकात सामान्यतः केंद्रोत्सारी संपीडक असतो. पात्यांचे एक लहान चक्र अतिशय वेगाने फिरते, मध्यभागातून आलेली हवा परिघाकडे फेकते आणि बाहेरच्या शंखाकृती कवचात तिच्या वेगाचे दाबात रूपांतर होते. या चक्राच्या दंडावरच चलित्राचा घूर्णक बसविलेला असतो; मध्ये दंतचक्रे नसतात. फिरण्याची गती मिनिटाला सु. ७०,००० फेऱ्यांपर्यंत असते. एवढ्या गतीला साध्या चलित्रातील तारांची वेटोळी केंद्रोत्सारी प्रेरणेने उचकटतील आणि घासणारे कार्बनाचे ब्रश क्षणात झिजतील. म्हणून ब्रश नसलेले चलित्र वापरतात. काही चलित्रांत चिरचुंबक असलेला घूर्णक असतो, तर काहींत घूर्णकावर वेटोळी नसतात आणि चुंबकही नसतात. केवळ दाते पाडलेल्या पोलादी पत्र्यांची चवड असते व भोवतालच्या वेटोळ्यांतील प्रवाह क्रमाक्रमाने चालूबंद करून ती फिरती ठेवतात. दुसरा प्रकार एंजिनाजवळच्या उष्णतेत अधिक टिकाऊ ठरतो. हा प्रवाह योग्य क्षणी चालूबंद करणारी अर्धसंवाहक मंडले चलित्राच्या कवचातच सामावलेली असतात व त्यांना पाण्याने थंड ठेवावे लागते.

घूर्णकाची फिरण्याची ऊर्जा गतीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून पाव सेकंदात पूर्ण गती गाठावयाची तर घूर्णक हलका व लहान व्यासाचा असावा लागतो, आणि त्या पाव सेकंदापुरती बरीच मोठी विद्युत् शक्ती पुरवावी लागते. हवा दाबण्याच्या कामापेक्षा चक्राला वेग देण्याचेच काम त्या क्षणी जड असते.

विद्युत् अतिभारक बहुधा एकटा बसवीत नाहीत; टर्बोअतिभारकाच्या जोडीने, हवेच्या मार्गात त्याच्या मागे किंवा पुढे बसवितात. त्याला वळसा घालणारी एक वाट व तिच्यात झडप असते. टर्बोअतिभारक पुरेसा दाब देत असताना ही झडप उघडी राहते व हवा सरळ निघून जाते. दाब कमी पडताच झडप मिटते, हवा विद्युत् संपीडकातून जाते आणि एक-दोन सेकंदांत टरबाइनाने वेग घेतला की पुन्हा मूळ स्थिती येते.

शक्तीचा हिशेब : १.२ लि. आकारमानाचे चतुर्धाव पेट्रोल एंजिन मिनिटाला ५,००० फेऱ्यांनी चालत आहे असे मानू. दर दोन फेऱ्यांत ते एकदा भरते, म्हणून सेकंदाला सु. ४५ लि. हवा घेते (भरण्यातील तूट धरून). ३०° से. च्या आसपास या हवेचे वस्तुमान सु. ५३ ग्रॅ. भरते. हिचा दाब वातावरणाच्या १.३ पट करावयाचा असून संपीडकाची कार्यक्षमता ६५ टक्के आहे असे धरल्यास हवा सु. ३६° से. ने तापते, तिची घनता १.३ पट न होता १.१६ पटच होते, आणि संपीडकाच्या दंडावर सु. २.२ किवॉ. शक्ती लागते. चलित्र व नियंत्रक यांतील व्यय धरता घटमालेतून सु. २.६ किवॉ. घ्यावे लागतात. नेहमीच्या १२ व्होल्ट मंडलात याचा अर्थ २०० अँपिअरहून अधिक प्रवाह. लहान मोटारीचे जनित्र इतका प्रवाह देऊ शकत नाही, आणि घटमाला तो फार वेळ देऊ शकत नाही. उलट एंजिन १,५०० फेऱ्यांवर असेल तर हवा तीन-दशांशच लागते व पाऊण किवॉ. च्या आत काम भागते. म्हणजे जेथे टर्बोअतिभारक दुबळा असतो तेथेच विद्युत् अतिभारक स्वस्त पडतो. दोघांची जोडी जमते ती यामुळे.

प्रवाहाच्या या अडचणीमुळे ४८ व्होल्ट मंडलाचा अवलंब झाला. तीच शक्ती चौपट व्होल्टतेला चौथाई प्रवाहात नेता येते आणि तारांतील उष्णताव्यय प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तो त्याच तारेत सोळावा हिस्सा होतो. व्होल्टता याहून फार न वाढविण्याचे कारण सुरक्षिततेचे आहे : एकदिश प्रवाहाची व्होल्टता ६० च्या वर गेल्यास मानवी स्पर्शापासून संरक्षणाची वेगळी व खर्चिक व्यवस्था करावी लागते. २०११ मध्ये जर्मनीतील प्रमुख मोटार उत्पादकांनी ४८ व्होल्टचे सामाईक मानक स्वीकारल्यावर या साधनास खरी गती मिळाली.

कार्यक्षमतेचा प्रश्न : विद्युत् अतिभारकाने इंधन वाचते असे विधान सरसकट केले जाते. ते जपून वाचावयास हवे. संपीडकाला लागणारी वीज एंजिनाने फिरविलेल्या जनित्रातून येत असेल, तर भुजादंडावरील शक्ती आधी विजेत, मग पुन्हा यांत्रिक शक्तीत बदलते. जनित्राची कार्यक्षमता ७० टक्के व चलित्राची ८५ टक्के धरल्यास संपीडकापर्यंत ६० टक्केच पोचते. साध्या पट्ट्याने नव्वद टक्क्यांहून अधिक पोचली असती. सतत चालवावयाचा असेल तर विद्युत् अतिभारक हा तोट्याचाच व्यवहार आहे.

लाभ होतो तो दोन आडवाटांनी. पहिली वाट ब्रेकमधून वाया जाणाऱ्या ऊर्जेची. १,२०० किग्रॅ. वस्तुमानाची मोटार ताशी ५० किमी. वेगाने जात असताना तिच्यात सु. ११६ किलोजूल गतिज ऊर्जा असते. ब्रेक लावताना जनित्राद्वारे हिच्या केवळ एक-तृतीयांश भागाची वीज करता आली तरी सु. ३८ किलोजूल मिळतात. २ किवॉ. चा अतिभारक दोन सेकंद चालविण्यास ४ किलोजूल लागतात. म्हणजे सिग्नलशी एकदा थांबण्यातून निघालेली वीज पुढच्या आठ-नऊ वेळच्या प्रवेगास पुरते. शहरी वाहतुकीत ही जमाखर्चाची बाजू भक्कम आहे. सपाट महामार्गावर, जेथे ब्रेक क्वचितच लागतो, ती तशी राहत नाही.

दुसरी वाट अधिक महत्त्वाची असून ती एंजिन लहान करण्याची आहे. पेट्रोल एंजिन कमी भारावर चालते तेव्हा थ्रॉटल झडप जवळजवळ मिटलेली असते आणि दट्ट्याला निर्वाताविरुद्ध हवा ओढण्यात शक्ती खर्चावी लागते. शिवाय मोठ्या एंजिनात घर्षणही अधिक. मोठे एंजिन बहुतेक वेळ अल्प भारावर चालविण्याऐवजी लहान एंजिन भरपूर भारावर चालविणे काटकसरीचे ठरते. परंतु लहान एंजिनाला मंद गतीला ताकद नसते व चालक त्यावर नाराज होतो. मग तो खालचा गिअर टाकून एंजिन जोरात फिरवितो आणि वाचलेले इंधन परत जाते. विद्युत् अतिभारक नेमकी हीच पोकळी भरून काढतो. ब्रिटनमधील हायबूस्ट या प्रकल्पात रिकार्डो व तिच्या सहकारी कंपन्यांनी २०१० च्या सुमारास फोर्ड फोकस गाडीत २ लि. एंजिनाऐवजी तीन सिलिंडरांचे १ लि. एंजिन, टर्बोअतिभारक व विद्युत् अतिभारक बसविले. मूळ गाडी किमी. ला १६९ ग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड सोडत असे. नव्या रचनेत ते प्रमाण सु. १०० ग्रॅ. पर्यंत उतरले आणि गाडीची धाव कमी झाली नाही. यातील सर्व श्रेय अतिभारकाचे नव्हे. थांबल्यावर एंजिन बंद करणे, ब्रेकमधून वीज घेणे हेही त्यात होते. परंतु अतिभारकावाचून एंजिन निम्मे करणे शक्य झाले नसते.

भारतात लहान अतिभारित एंजिने रुजण्यामागे इंधनबचतीइतकेच कराचेही कारण आहे. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या व पेट्रोल एंजिन १,२०० घ.सेंमी. च्या आत असलेल्या मोटारींना २००६ पासून करात सवलत मिळू लागल्याने उत्पादकांना एवढ्याच आकारमानातून अधिक शक्ती काढणे भाग पडले. हे काम येथे बहुतांशी साध्या टर्बोअतिभारकानेच केले आहे.

प्रत्यक्ष वापर : ब्रिटनमधील कंट्रोल्ड पॉवर टेक्नॉलॉजीज कंपनीने विकसित केलेला विद्युत् अतिभारक फ्रान्सच्या व्हॅलिओ कंपनीने २०११ च्या अखेरीस आपल्याकडे घेतला आणि पुढे २०१६ मध्ये आउडी कंपनीच्या एसक्यू ७ या डीझेल गाडीत तो प्रथमच नियमित उत्पादनात आला. ४ लि., आठ सिलिंडरांचे हे एंजिन ३२० किवॉ. शक्ती देते. दोन टर्बोअतिभारकांच्या पाठीमागे बसविलेला विद्युत् संपीडक ७ किवॉ. पर्यंत वीज घेतो व पाव सेकंदाच्या आत मिनिटाला ७०,००० फेऱ्यांपर्यंत पोचतो. परिणामी ९०० न्यूटन मीटर एवढे परिबल मिनिटाला १,००० फेऱ्यांपासूनच, म्हणजे निष्क्रिय गतीच्या किंचित वर, मिळते. २०१७ मध्ये मर्सिडीझ-बेंझने आपल्या सहा सिलिंडरी पेट्रोल एंजिनात अशीच योजना केली. त्यात पट्टाच काढून टाकून जनित्र व आरंभक भुजादंडावर एकत्र बसविले आहेत. ही सर्व उदाहरणे महागड्या गाड्यांची आहेत. काटकसरीसाठी जन्मलेले साधन प्रथम श्रीमंती गाड्यांच्या जोमासाठी वापरले जावे, हा मोटार-उद्योगाचा जुनाच शिरस्ता म्हणावा लागेल. होंडा कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मिलान येथे विद्युत् संपीडक बसविलेले तीन सिलिंडरांचे मोटारसायकल-एंजिन दाखविले.

दुसऱ्या एका रचनेत वेगळा संपीडक न घेता टर्बोअतिभारकाच्या दंडावरच, टरबाइन व संपीडक यांच्या मध्ये, चपटे चलित्र बसवितात. ते आरंभी दंडाला वेग देते आणि निष्कास जास्त झाल्यावर उलट जनित्र बनून वीज देते. जेथे पूर्वी जादा निष्कास वायू झडपेवाटे सोडून द्यावे लागत तेथे आता त्यांची वीज होते. फॉर्म्युला वन शर्यतींत २०१४ ते २०२५ या हंगामांत अशी रचना होती व तिच्या दंडाची कमाल गती मिनिटाला १,२५,००० फेरे ठरविलेली होती. गुंतागुंत व खर्च यांमुळे २०२६ च्या नियमांतून ती वगळण्यात आली. पोर्श कंपनीने २०२४ मध्ये ९११ मालिकेतील एका गाडीत हीच रचना आणली असून तिचे चलित्र जनित्र म्हणून ११ किवॉ. पर्यंत वीज देते. तांत्रिक दृष्ट्या ही रचना अधिक पूर्ण आहे. तथापि तप्त टरबाइनाला लागून चुंबक व वेटोळी थंड ठेवणे कठीण असल्याने ती महाग पडते.

बाजारातील नकली साधने : ‘विद्युत् सुपरचार्जर’ या नावाने हवेच्या नळीत बसवावयाचे लहान पंखे काही शे ते काही हजार रुपयांत विकले जातात. गाडीची शक्ती वाढते व इंधन वाचते असे त्यांच्या वेष्टनावर लिहिलेले असते. यांपैकी काही पंखे मुळात नौकांच्या एंजिनकक्षात वारा खेळविण्यासाठी बनविलेले असतात. वरील हिशेब हाताशी असल्यास त्यांची परीक्षा सहज करता येते. असा पंखा १२ व्होल्टला ५ अँपिअर घेतो असे धरल्यास त्याची शक्ती ६० वॉट होते. गरज होती २,६०० वॉटची. त्याची कार्यक्षमता ३५ टक्के मानली, तरी सेकंदाला ४५ लि. हवेचा दाब त्याने वातावरणाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी वाढतो. मळलेली हवागाळणी बदलल्याने याहून अधिक फरक पडतो. एंजिनाची हवेची ओढ पंख्याच्या क्षमतेपलीकडे गेली की पंखा मदत करण्याऐवजी वाटेत अडसर बनून राहतो. प्लॅस्टिकचे पाते तुटून एंजिनात गेल्यास होणारी हानी गाडीच्या मालकाच्याच पदरी येते. खऱ्या अतिभारकाच्या बाबतीत उलट धोका असतो : इंधनाचे प्रमाण, ठिणगीचा क्षण व संपीडन गुणोत्तर न बदलता तो जुन्या एंजिनावर बसविल्यास ठोके पडून दट्ट्यास भोके पडू शकतात. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ अन्वये उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलापासून दूर नेणारे फेरफार गाडीत करण्यास मनाई आहे. वाहनावरील कोणत्याही इंधनबचतीच्या दाव्यासोबत मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या (उदा., पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) चाचणीचा दाखला मागणे ग्राहकाच्या हिताचे असते.

इतर उपयोग : विद्युत् चलित्राने फिरणाऱ्या केंद्रोत्सारी संपीडकाची गरज अंतर्ज्वलन-एंजिनापुरती मर्यादित नाही. हायड्रोजनावर चालणाऱ्या इंधन-विद्युत् घटांना ऑक्सिजन पुरविण्यासाठी दाबाची हवा सतत द्यावी लागते, आणि तेथे तप्त निष्कास किंवा भुजादंड नसल्याने ती विजेनेच देणे भाग असते. जपानमधील होंडा क्लॅरिटी (२०१६) या गाडीत असा संपीडक वापरला आहे. या ठिकाणी संपीडक क्षणभर नव्हे तर गाडी चालू असेपर्यंत फिरत राहतो. त्यामुळे धारव्यांचे आयुष्य व आवाज हे प्रश्न पुढे येतात. शिवाय घटांतील पटल दूषित होऊ नये म्हणून हवेत तेलाचा अंशही मिसळून चालत नाही. या कारणास्तव अशा संपीडकांत तेलाऐवजी हवेच्याच पातळ थरावर दंड तरंगत ठेवणारे धारवे वापरण्याकडे कल आहे.